‘नाही’ एवढे तरी कळवा

महोदय,

एस.टी.त ३१ वर्षे वाहक म्हणून नोकरी करून मी सोलापूर आगारातून निवृत्त झालो. धाकटी मुलगी बी.ई. कॉम्प्युटर आहे. गेल्या जूनमध्ये हिंजवडीच्या एका मोठ्या आयटी कंपनीने तिला मुलाखतीला बोलावले. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण इतर पालकांकडून ऐकतो ते याहून वेगळे नाही.

सकाळी नऊला हजर राहा, असा मेल होता. आम्ही रात्रीची एस.टी. धरली. महिलांना २०२३ पासून निम्मे तिकीट आहे, तेवढाच आधार. पहाटे स्वारगेटला उतरलो, तिथेच तिने कपडे बदलले आणि दोन पीएमपी बदलून साडेसातला माण फेज तीनला पोचलो. गेटबाहेर तेव्हाच लांबलचक रांग होती. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात दहावीपासूनच्या ओरिजिनल मार्कशीट आणि झेरॉक्सचे सेट. साडेदहापर्यंत पोरे उन्हात उभी.

मग एक जण गेटवरच फाइल उघडून टक्के बघू लागला. दहावी, बारावी, डिग्री, तिन्हीकडे साठ हवेत. आमच्या पुढे लातूरचा एक मुलगा होता, बारावीला अठ्ठावन्न टक्के. त्याला तिथूनच परत पाठवले. ही अट मेलमध्ये नव्हती. मुलीच्या मोबाइलवर मी तो मेल तिथेच दोनदा वाचला. ऑनलाइन अर्जात सगळे टक्के भरून घेतले होते, मग या पोराला रात्रभर प्रवास कशाला करायला लावला? तो टपरीवर माझ्या शेजारी येऊन बसला. चहा समोर ठेवला तरी घेतला नाही. फाइलची चेन उघडायचा, लावायचा. “काका, घरी फोन करून काय सांगू?” एवढेच म्हणाला. मला उत्तर सुचले नाही.

मुलगी अ‍ॅप्टिट्यूड पास झाली, दुपारी टेक्निकल राउंडही झाला. आम्ही पालक फूटपाथवर पेपर अंथरून बसलो होतो. एचआर राउंडला संध्याकाळचे सहा वाजले आणि त्यात पहिला प्रश्न काय, तर दोन वर्षांत लग्नाचा विचार आहे का? तिच्याबरोबरच्या मुलांना हे कोणी विचारले नाही. आमच्या युनियनच्या शिबिरात १९७६चा समान वेतन कायदा समजावून सांगितला होता. नोकरभरतीतही बाई म्हणून भेदभाव करायचा नाही, असे त्यात होते. त्यानंतर एवढी वर्षे गेली, तरी माझ्या मुलीला हा प्रश्न ऐकावा लागला, याचा मला फार संताप आला.

पाच दिवसांनी मेल आला: शॉर्टलिस्ट झाला आहात, पुढील सूचनेची वाट पाहा. त्यानंतर आजतागायत काही नाही. तिने सहा मेल केले, सहाही वेळा तेच ठरावीक यांत्रिक उत्तर. जुलैत चिंचोळी एमआयडीसीतल्या एका ऑफिसात पंधरा हजारांची नोकरी चालून आली होती. या शॉर्टलिस्टच्या भरवशावर तिने ती नाकारली. मीच म्हणालो होतो, थांब जरा.

गाडी रद्द झाली तर आमचा वाहतूक नियंत्रक माइकवरून सांगतो. प्रवासी चिडतात, आम्हाला शिव्या घालतात, पण दुसरी गाडी बघतात. माझ्या भरतीच्या वेळी निवड यादी विभागीय कार्यालयाच्या फलकावर लागली होती. पहिल्या खेपेला माझे नाव नव्हते. त्याच दुपारी मी मार्केट यार्डात कामाला लागलो.

कंपन्यांकडे माझे मागणे एवढेच आहे. टक्क्यांची अट बोलावण्यापूर्वी सांगा. निवड झाली नसेल तर पंधरा दिवसांत तसा दोन ओळींचा मेल पाठवा, शॉर्टलिस्ट केलेल्यांनाही. एकाच मजकुराचा मेल हजार जणांना पाठवायला तुम्हाला किती वेळ लागतो?

परवा मुलगी चिंचोळीच्या त्या ऑफिसात पुन्हा जाऊन आली. ती जागा ऑगस्टमध्येच भरली.

– एक निवृत्त एस.टी. वाहक, सोलापूर