रंगाआधी छप्पर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की स्टेशनांबाहेर आणि चौकांत मांडलेल्या जुन्या इंजिनांची, डब्यांची रंगरंगोटी सुरू होते. हेतू चांगला असतो, पण कामाचा क्रम उलटा असतो. गंजावर मारलेला रंग गंज झाकतो, थांबवत नाही. आत ओल कोंडते आणि पुढच्या पावसाळ्यानंतर रंगाचे पोपडे पत्र्यासकट हातात येतात.

इगतपुरीकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा मुलखात पहिला खर्च छपराचा हवा. साधी पत्र्याची शेड पुरते. बाजू उघड्या ठेवाव्यात म्हणजे हवा खेळते, मात्र घाटातला पाऊस तिरका येतो, म्हणून वळचण गाडीच्या बाहेर चांगली दीड मीटर असावी. चाके काँक्रीटमध्ये रुतवणे तर पूर्ण बंद व्हावे. त्या खाचेत पाणी साचून चाक खालून खाल्ले जाते आणि दुरुस्तीसाठी गाडी कधी हलवताच येत नाही. निचऱ्याच्या खडीवर रूळ टाकून गाडी पाचरींवर उभी करावी. वर्षातून दोनदा हातभर पुढे-मागे सरकवली तर उत्तमच, कारण आसावर एकाच जागी भार राहिला की त्या जागचे तेल निघून जाते.

जुन्या अॅक्सल बॉक्समधले (आसाच्या टोकाला बेअरिंगची पेटी असते तीतले) कॉटन वेस्ट, म्हणजे तेल धरणारे सुताचे गुंते, कोरडे पडले की पाणी धरते आणि आसावर खड्डे पडतात. ते काढून, बॉक्स रॉकेलने धुऊन, रात्रभर तेलात भिजवलेले नवे वेस्ट भरावे. काही तासांचे हे काम रंगाच्या दहा डब्यांहून मोलाचे आहे.

वाफेच्या इंजिनात सर्वांत आधी स्मोकबॉक्स, म्हणजे धुराड्याखालची पुढची पेटी, सडतो. काजळीत ओल मिसळली की आम्ल तयार होते आणि तळाची चाळण होते. म्हणून काजळी खरवडून काढावी व धुराड्यावर टोपी बसवावी. बॉयलरचे वॉशआउट प्लग (धुण्याच्या भोकांची बुचे) काढून गाळ धुवावा, आतून पूर्ण वाळवावे, मग पत्र्याच्या तबकांत चुनकळी (न विझवलेला चुना) ठेवून प्लग लावावेत. तबक अर्धेच भरावे, कारण चुनकळी ओल पिऊन फुलते. तिची पूड झाली की बदलावी. बॉयलरच्या आवरणाखाली बऱ्याचदा अॅस्बेस्टॉस असतो. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून तिथे हातोडा-छिन्नी घेऊन अप्रशिक्षित मजूर कदापि पाठवू नयेत.

सागवानी डब्यांचे दुखणे खिडकीखाली असते. काच किंवा झडप जिथे खाली सरकते त्या पोकळीत धूळ साचून निचऱ्याची भोके बुजतात आणि चौकटीचा तळ कुजतो. भोके तारेने मोकळी करावीत. कुजलेला भाग कापून तिरक्या सांध्याने मुरलेला सागच जोडावा. लांबी (पुटी) भरून वर रंग दिला तर आतली कूज तशीच पसरत राहते.

रंग या सगळ्यानंतर. खरवडण्याआधी एका कोपऱ्यात रुपयाएवढी जागा थर-थर घासून जुन्या रंगांचा क्रम पाहावा, फोटो काढावा. जुन्या रंगात शिसे असते, म्हणून ओले घासावे, तोंडावर योग्य मास्क असावा. उघड्या लोखंडाला त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे. पितळी नंबरपाट्या आधी उतरवून ठेवाव्यात. त्यांवर रंग फासलेला पाहून जीव तुटतो.

आपल्या जिल्ह्यात हे सारे जमण्यासारखे आहे. नाशिक रोडला ट्रॅक्शन मोटार (इंजिनाची चाके फिरवणारी विजेची मोटार) दुरुस्तीचा रेल्वे कारखाना आहे, विद्युत अभियंत्यांची प्रशिक्षण संस्था आहे. मुंबई-इगतपुरी मार्गावर १,५०० व्होल्ट डीसीवर धावलेली, ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी जुनी विजेची इंजिने हाताळलेली जी माणसे इगतपुरीत असतील, त्यांच्याकडून कामाची माहिती आताच लिहून घ्यायला हवी.

यापुढच्या निविदांत ‘रंगकाम’ असे एकच कलम न घालता छप्पर, निचरा, अॅक्सल बॉक्स, लाकूडकाम आणि शेवटी रंग अशी वेगळी कलमे व त्यांची वेगळी तपासणी असावी, एवढी रेल्वे व महापालिका प्रशासनाला विनंती आहे. कामाचे आदेश ऑक्टोबरमध्ये निघाले तर मेअखेर सगळे उरकते.

— रेल्वे कारखान्यांतील काही निवृत्त कारागीर, नाशिक रोड