समुद्री तारांचा चुकीचा इतिहास विकल्याबद्दल आणि तक्रार परस्पर बंद केल्याबद्दल

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : समुद्राखालील तारांच्या इतिहासावरील सदोष श्राव्य संच, त्याची दुरुस्ती आणि रकमेचा परतावा.

महोदय,

आज दुपारी आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी माझे सहावे बोलणे झाले. फोन ठेवून पाच मिनिटे होतात न होतात तोच ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेश माझ्या मोबाइलवर आला. कोणतेही निवारण झालेले नाही. म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे.

संच आपणच तयार केला असल्यामुळे त्यात काय आहे हे सांगण्यात वेळ घालवत नाही. आमच्या वाचनालयाने मे महिन्यातील मुलांच्या शिबिरासाठी दहा भागांची श्राव्य मालिका, पुस्तिका आणि भिंतीवर लावायचा नकाशा असा पूर्ण संच ६,४९० रुपये देऊन घेतला. मी तारखात्यात ३४ वर्षे नोकरी केली आहे, म्हणून निवड समितीने माझ्यावर सोपवली होती. आपला दीपगृहांवरचा जुना संच मला फार आवडला होता, त्या विश्वासावर हा संच मी आधी न ऐकताच मागवला. ती चूक माझी आहे आणि ती मी समितीपुढे मान्य केली आहे. बाकीच्या चुका आपल्या आहेत.

दुसऱ्या भागात १८५८ सालच्या अटलांटिक तारेचा प्रसंग आहे. आयर्लंडमधील व्हॅलेन्शिया आणि न्यूफाउंडलंडमधील ट्रिनिटी बे यांच्यामध्ये टाकलेल्या या तारेवरून राणी व्हिक्टोरियाचा संदेश अमेरिकेचे अध्यक्ष ब्यूकॅनन यांच्याकडे जातो तेव्हा आपण मागे मोर्सच्या साउंडरचा, म्हणजे ठोक्यांच्या आवाजाने संदेश ऐकवणाऱ्या यंत्राचा, कडकडाट वाजवला आहे आणि निवेदक सांगतो की संदेश ‘क्षणार्धात’ पलीकडे पोचला. तो संदेश ९८ शब्दांचा होता आणि तो पलीकडे उतरायला १६ तास लागले. साउंडर तिथे वाजूच शकत नव्हता, कारण समुद्राच्या तळाशी पसरलेल्या इतक्या लांब तारेतून येणारा प्रवाह लोखंडाची पट्टी खाली ओढण्याइतका जोरकस नसतो. आत तांब्याची तार, तिच्याभोवती गट्टापर्चा या झाडाच्या चिकाचे वेष्टन आणि बाहेर खारे पाणी अशी रचना झाली की ती तार विजेचा साठा करणाऱ्या बरणीसारखी वागते. एका टोकाला दिलेला ठोका दुसऱ्या टोकाला ठोका म्हणून पोचत नाही. तो लाटेसारखा हळूहळू चढतो आणि हळूहळू ओसरतो. तारेची लांबी दुप्पट झाली की हा विलंब चौपट होतो, हे भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी ही तार पाण्यात पडण्यापूर्वीच गणिताने मांडले होते.

त्यावर उपाय म्हणून थॉमसन यांनी आरशाचा गॅल्व्हानोमीटर बनवला. रेशमी धाग्याला टांगलेला चिमुकला आरसा, त्याच्या पाठीला चिकटवलेली इवलीशी चुंबके, समोर दिवा आणि एक मोजपट्टी, एवढेच ते यंत्र. प्रवाह आला की आरसा किंचित वळे आणि उजेडाचा ठिपका मोजपट्टीवर डावीकडे किंवा उजवीकडे सरके. अंधारलेल्या खोलीत एक माणूस त्या ठिपक्यावर डोळा ठेवून अक्षरे उच्चारत असे आणि दुसरा ती लिहून घेत असे. जिथे यंत्राचा आवाज नव्हताच, तिथे आपण कडकडाट घातलात, आणि मुलांच्या मनात आता तोच राहील.

ती तार का बंद पडली याबद्दल आपला निवेदक म्हणतो की ‘समुद्रातील वादळाने घात केला’. हे मला सर्वांत जास्त लागले. तार ५ ऑगस्टला जोडली गेली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला मुकी झाली. मुळात तिच्या बनावटीत आणि साठवणुकीत दोष होते, आणि त्यातच ती तार टाकणाऱ्या कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी संदेश जोरात जावेत म्हणून मोठमोठी प्रवर्तन वेटोळी लावून तिच्यात सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब सोडला. अशक्त झालेले वेष्टन त्याने फुटले. व्हाइटहाउस पेशाने शल्यवैद्य होते आणि थॉमसन यांचे म्हणणे त्यांना मान्य नव्हते. कंपनीने त्यांना कामावरून काढले. एका माणसाच्या हट्टामुळे लाखो पौंडांचे काम तळाला गेले, यात मुलांना शिकण्यासारखे किती होते! आपण तो दोष वादळावर ढकलला आणि पुस्तिकेत त्याच व्हाइटहाउस यांना ‘अटलांटिक जोडणारा थोर वैज्ञानिक’ म्हटले आहे.

याच भागात त्या तारेचा उपयोग ‘केवळ शुभेच्छांपुरता’ झाला असेही म्हटले आहे. तेही खरे नाही. ऑगस्टच्या अखेरीस, तार शेवटचे श्वास घेत असताना, कॅनडातील दोन पलटणींना मायदेशी परतण्याचा दिलेला हुकूम लंडनने याच तारेवरून रद्द केला. १८५७ च्या उठावासाठी त्या सैन्याची निकड होती, ती आता उरली नव्हती. एवढ्या एका संदेशाने ब्रिटिश सरकारचे सुमारे ५०,००० पौंड वाचले. मराठी मुलांसाठी केलेल्या संचात आपल्या देशाशी थेट जोडलेली हीच गोष्ट गाळली जावी, हे मला समजू शकत नाही.

आता नकाशा. त्यावर मुंबईपासून लंडनपर्यंत एकच सलग लाल रेघ आहे आणि तिच्यावर ‘१८६५’ असे छापले आहे. आपण दोन वेगळ्या मार्गांची सरमिसळ केली आहे. १८६४ मध्ये इराणच्या आखातात तार टाकली गेली. ती आखाताच्या टोकाशी असलेल्या फाओला संपत असे आणि तिथून पुढे तुर्कस्तानच्या जमिनीवरील तारांवरून, इंग्रजी न जाणणाऱ्या कारकुनांच्या हातून, संदेश कित्येक दिवसांनी आणि बऱ्याचदा मोडतोड होऊन पोचत. त्याआधी तांबड्या समुद्रातून कराचीपर्यंत टाकलेली तार तर १८६० च्या सुमारासच निकामी झाली होती. मुंबईचा खरा समुद्री मार्ग सुरू झाला तो जून १८७० मध्ये. ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज त्या वर्षीच्या आरंभी मुंबईत आले. पोटातील तारेचे गट्टापर्चा उष्ण प्रदेशातील उन्हाने तापू नये म्हणून जहाज पांढरे रंगवले होते. फेब्रुवारीत ते तार सोडत सोडत एडनला गेले. पुढे एडन, सुएझ, इजिप्त, माल्टा, जिब्राल्टर आणि शेवटी कॉर्नवॉलचा पोर्थकर्नो किनारा अशी ती साखळी होती. ती एकच रेघ नव्हती. वाटेतील ठाण्यांवर माणसे बसलेली होती आणि आलेला शब्द ती वाचून पुढे पाठवत होती. आपल्या रेघेने ती सगळी माणसे पुसून टाकली आहेत.

पुस्तिकेत वेष्टनासाठी ‘रबर’ हा शब्द सात ठिकाणी आहे. ते गट्टापर्चा होते. मलाया आणि आसपासच्या बेटांवरील झाडांचा हा चीक थंडीत आणि पाण्याच्या दाबाखाली अधिकच टिकाऊ होतो. त्याच्यासाठी जंगलेच्या जंगले तोडली गेली. ते मिळाले नसते तर यांपैकी एकही तार समुद्रात उतरली नसती.

या सर्व चुकांची पानावार आणि मिनिटावार यादी मी आपल्याला तीन वेळा पाठवली आहे. आता आजच्या बोलण्याविषयी. आपल्या प्रतिनिधीने प्रथम मला पाच आकडी तक्रार क्रमांक विचारला. मी तो सांगितला. त्याने तो चुकीचा परत म्हटला. मी पुन्हा सांगितला. मग तो म्हणाला, “काका, तुमची तक्रार आमच्याकडे ‘केबल चालत नाही’ अशी दिसते आहे. उपकरण एकदा बंद करून चालू केलंत का?” मी त्याला शांतपणे सांगितले की माझी तक्रार १८५८ सालच्या केबलबद्दल आहे. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “म्हणजे वॉरंटी संपली असेल.” मी वरिष्ठांना जोडून देण्यास सांगितले. अकरा मिनिटे मी संगीत ऐकत थांबलो. त्यानंतर आलेल्या बाईंनी माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले, त्यामुळे मला बरे वाटले, आणि मग त्या म्हणाल्या, “काका, एवढ्या जुन्या गोष्टीत एखादं वर्ष इकडचं तिकडं झालं तर कुणाला कळतंय? मुलांना गोष्ट आवडली ना, मग झालं तर.” मी म्हणालो, “मला कळतंय. आणि मुलांनाही कळतंय.” त्यावर त्या म्हणाल्या, “मग तुम्हीच त्यांना बरोबर ते सांगून टाका ना.” माझी तक्रार काय लिहून घेतली तेवढे वाचून दाखवा, अशी विनंती मी केली. त्यांनी वाचले, “ग्राहकाला केबलविषयी माहिती दिली. ग्राहक समाधानी.” मी समाधानी नाही, हा शब्द बदला, असे मी दोनदा सांगितले. नोंद बंद झाल्यावर ती बदलता येत नाही, असे उत्तर मिळाले.

आमच्या तारघरात आकडे असलेली तार घेतली की शेवटी सगळे आकडे पुन्हा मागवून ताडून पाहायचे आणि मगच सही करायची, असा नियम होता. ‘निघालो’ आणि ‘निघालो नाही’ यांत एक शब्दाचेच अंतर असते, आणि तो शब्द गळला तर कोणाच्या तरी घरी अंत्यविधी चुकतो. घेतलेला शब्द परत म्हणून दाखवणे हाच ज्या धंद्याचा कणा होता, त्या धंद्याचा इतिहास विकणाऱ्या आपल्या कंपनीला ग्राहकाचे एक वाक्य नीट उतरवून घेता येत नाही. वर्ष इकडचे तिकडे झाल्याने कोणाला कळत नाही, हे आपले अधिकृत धोरण आहे काय, याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

शिबिरातील सातवीतल्या एका मुलीने वहीत ‘क्षणार्धात’ लिहिले होते आणि माझे बोलणे ऐकल्यावर त्याच्याखाली ‘१६ तास’ लिहिले होते. दोन्ही माझ्यासमोर धरून तिने विचारले, “आजोबा, यातलं खरं काय?” छापील पुस्तक आणि एक म्हातारा माणूस यांतून तिला निवड करावी लागली, ती आपल्यामुळे. मुलांना गोष्ट आवडली, हे आपल्या बाई म्हणाल्या ते खरेच आहे. म्हणूनच मला जास्त वाईट वाटते.

माझ्या मागण्या अशा आहेत : वाचनालयाला ६,४९० रुपये परत करावेत, दुरुस्त भाग आणि दुरुस्त नकाशा हा संच घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला विनामूल्य पाठवावा, आणि माझ्या नावापुढील ‘समाधानी’ ही नोंद काढून टाकावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये मी जिल्हा आयोगाकडे जाणार आहे. सहाही वेळच्या बोलण्याच्या तारखा, वेळा आणि आपले संदेश मी जपून ठेवले आहेत. रक्कम मोठी नाही हे मी जाणतो, तरीही मी जाणार आहे. दीपगृहांचा संच ज्यांनी केला ती माणसे अजून आपल्याकडे असतील, तर हे पत्र कृपया त्यांना दाखवावे.

आपला,
एक निवृत्त तारबाबू
(वाचनालय समितीच्या वतीने)

ता. क. : पत्र पूर्ण करताना पुस्तिकेचे शेवटचे पान पुन्हा पाहिले. भारतातील तारसेवा २०१२ मध्ये बंद झाली, असे त्यावर छापले आहे. शेवटच्या तारा १४ जुलै २०१३ रोजी घेतल्या गेल्या. त्या दिवशी तारघरासमोरच्या रांगेत उभे राहून मी माझ्या नातीला तार केली होती. ती तार तिने ठेवली आहे आणि तिच्यावरचा तारखेचा शिक्का स्पष्ट वाचता येतो. छायाप्रत सोबत जोडली आहे.