शर्यतीनंतरच्या वीस वर्षांसाठी: मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमच्या पागेत येणारा प्रत्येक पाहुणा एक प्रश्न हमखास विचारतो, "हे घोडे पळतात तरी किती वर्षं?" उत्तर ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच्या खास जातीचा घोडा, दोन वर्षांचा झाला की शर्यतीत उतरतो. चार-पाच वर्षांचा असताना त्याचा वेग ऐन भरात असतो आणि सपाट मैदानावर पळणारे बहुतेक घोडे त्यानंतर लवकरच निवृत्त होतात. सगळी मिळून दोन-तीन वर्षं, फार तर चार. आयुष्य मात्र पंचवीस ते तीस वर्षांचं. शर्यतीतलं पळणं संपल्यावर उरलेली ही वीसेक वर्षं आमची संस्था सांभाळते. हंगाम संपत आला की दाराशी येणारे घोडे वाढतात, म्हणून हे पत्र.

घोड्याचं वय मोजण्याची रीतही त्याच्या सोयीची नाही. उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेड घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, दक्षिण गोलार्धातल्या ऑस्ट्रेलियासारख्या देशांत १ ऑगस्टला. मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू कागदावर दोन वर्षांचं होतं तेव्हा ते खरं वीस महिन्यांचं असतं. त्याच्या मणक्यांची वाढ तर पाचव्या वर्षापर्यंत किंवा त्यापुढेही चालू राहते. कोवळ्या वयातल्या बेताच्या व्यायामाने हाडं बळकट होतात, हे आम्हाला मान्य आहे. आमचा आक्षेप घाईला आहे.

पळणं थांबतं ते बहुधा पायांमुळे. पाचशे किलोच्या आसपासचं धूड ताशी साठ किलोमीटरने धावतं, तेव्हा प्रत्येक झेपेत क्षणभर सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो आणि तो भार अंगच्या वजनाच्या दुपटीहून जास्त असतो. पायाच्या नळीमागचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, दुखावला तर भरून यायला नऊ महिने ते वर्ष जातं. भरलेला टेंडन पहिल्यासारखा लवचिक राहत नाही, तिथेच पुन्हा दुखावण्याची भीती कायम असते. गुडघ्याच्या हाडाचे टवके निघतात, काहींच्या फुफ्फुसांत रक्तस्राव होतो. आणि काही घोड्यांना काहीच झालेलं नसतं. ते फक्त जिंकत नसतात. बक्षीस न आणणारा घोडाही चंदी तेवढीच खातो.

नामवंत घोडे लवकर थांबतात ते वेगळ्या कारणाने. सेक्रेटेरिएट नावाच्या घोड्याने १९७३ साली अमेरिकेचा ट्रिपल क्राउन, म्हणजे तीन मानाच्या शर्यती, जिंकला आणि त्याच वर्षी, तीन वर्षांचा असतानाच, तो निवृत्त झाला. इंग्लंडचा फ्रँकेल १४ शर्यती पळला, १४ जिंकला आणि २०१२ मध्ये, चार वर्षांचा असताना, थांबला. अशा घोड्यांची पैदाशीसाठीची किंमत शर्यतीतल्या कमाईपेक्षा कितीतरी जास्त असते. खच्ची केलेल्या घोड्याला हा मार्ग नाही, म्हणून तो पळू शकेल तितका पळवतात. असाच एक घोडा, जॉन हेन्री, नऊ वर्षांचा असताना, १९८४ मध्ये, दुसऱ्यांदा अमेरिकेचा वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला. अडथळ्यांच्या शर्यतीतले घोडे आणखी टिकतात. रेड रमने ग्रँड नॅशनल ही इंग्लंडमधली अडथळ्यांची शर्यत तिसऱ्यांदा १९७७ मध्ये जिंकली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. त्यानंतर तो अठरा वर्षं जगला.

सगळ्यांच्या वाट्याला असं म्हातारपण येत नाही. १९८६ ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतली मानाची शर्यत जिंकणारा फर्डिनंड पैदाशीसाठी जपानला विकला गेला. तिथे त्याचा फारसा उपयोग होईना, आणि २००२ मध्ये तो कत्तलखान्यात गेल्याचं पुढच्या वर्षी उघड झालं. डर्बी विजेत्याची ही गत, तर ज्याचं नावही कुणाला ठाऊक नाही त्याचं काय होत असेल?

आता मागणं. एका घोड्याला रोज आठ ते दहा किलो सुकी वैरण आणि तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद खूर कापतो, वर्षातून एकदा तरी दातांच्या धारदार कडा कानशीने घासाव्या लागतात, शिवाय जंताचं औषध आणि धनुर्वाताची लस. यातलं काहीच टाळता येत नाही. म्हणून एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा नेमाने येणारी छोटी रक्कम आम्हाला जास्त उपयोगी पडते. एका घोड्याची महिन्याची वैरण किंवा नालबंदाची एक फेरी चार जणांनी मिळून उचलली तरी चालेल. पैसे देणं जमत नसेल तर खरारा करायला, लीद उचलायला या. या कामाला माणसं नेहमीच कमी पडतात.

घोडा पाळायला नेण्याची इच्छा असेल तर आधी आमच्याशी सविस्तर बोला. लगाम ताणला की थांबायचं, असं शर्यतीचा घोडा शिकलेलाच नसतो. ताणलेल्या लगामावर भार टाकून तो उलट जोरात पळतो. स्वार चढेपर्यंत एका जागी उभं राहायचीही त्याला सवय नसते, कारण जॉकीला चालत्या घोड्यावरच चढवतात. चंदी कमी करत, मोकळ्या कुरणात सोडत त्याला शांत करायलाच काही महिने लागतात, खोगीर त्यानंतर. नवशिक्याच्या हाती असा घोडा आम्ही देत नाही. कुणाला राग आला तरी देत नाही.

मालकांना आणि ट्रेनरना कळकळीची विनंती: घोडा लंगडायला लागल्यावर फोन करू नका, त्याआधी करा. पाय धड असताना थांबलेला घोडा दुसरं काम सहज शिकतो, रपेटीला जातो, मुलांना पाठीवर घेतो. "एवढी एकच शर्यत पळू दे" म्हणून पळवलेले घोडे आमच्याकडे कोणत्या अवस्थेत येतात, ते एकदा येऊन पाहा.

देणगीची पावती मिळेल. जमाखर्चाची वही कार्यालयात कुणालाही पाहता येते. पागा पाहायला सकाळी या, पण येताना गूळ, गाजरं, पाव असं काही आणू नका. खाण्यात अचानक बदल झाला की घोड्याला पोटशूळ होतो, आणि पोटशूळ त्याच्या जिवावर बेतू शकतो.

आपले नम्र,
अध्यक्ष, कार्यवाह आणि पागेतले सर्व सेवक