अप्पा, तुम्ही काढून घेतलेली ती किल्ली

आदरणीय अप्पा,

अपघातात मोडलेलं पोरीचं हाड जुळलं. पण गाडीवर बसायची तिची भीती डॉक्टरांच्या हातची नव्हती. ती तुम्ही घालवलीत.

आमच्या गावची वाट खानापूर रोडला लागते, तिथला गाडी थांबवायला सांगणारा स्टॉपचा बोर्ड उसात बुडालेला. अर्ज घेऊन वर्षभर हेलपाटे घातले. एका कचेरीत म्हणाले रस्ता आमचा नाही, दुसऱ्या कचेरीत म्हणाले बोर्ड आमचा नाही. ड्रायव्हिंग क्लासनं पैसे मोजून घेतले, पोरीला आठाचा आकडा काढायला शिकवलं. आठ कोनांचा तो लाल बोर्ड काय सांगतो, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

तुम्ही कोयता घेऊन आलात, पाला तोडलात, खांद्यावरच्या टॉवेलनं बोर्ड पुसलात. आठ कोन दुसऱ्या कुठल्याच बोर्डाला नसतात, अक्षरं उडाली तरी ओळखायचं, म्हणालात. उलटा त्रिकोण असेल तर वेग कमी करून वाट द्यायची, कुणी नसेल तर न थांबता जायचं. इथं मात्र रस्ता रिकामा दिसला तरी चाक पूर्ण थांबलंच पाहिजे.

मग पोर गाडी घेऊन पांढऱ्या पट्टीजवळ आली. "निल्लव्वा," तुम्ही म्हणालात, थांब गं आई. गाडीची किल्ली काढून स्वतःच्या मुठीत धरलीत. "आता ऐक." तिला काहीच दिसत नव्हतं, नुसता ऊस. आणि उसामागून ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॅक्टर गेला, तरी मूठ उघडली नाहीत. मागची दुसरी ट्रॉली गेली, तिच्या आडून एक मोटारसायकल सुसाट गेली, तेव्हा कुठं किल्ली दिलीत.

अप्पा, त्या मुठीत माझी पोर होती. तुमची भाषा कन्नड, आमची मराठी, ना नातं ना गोतं. तीस वर्षं बस चालवून रिटायर झालेल्या माणसानं आमच्यासाठी उन्हात उभं का राहावं? अशी माणसं आहेत म्हणून या सीमेवरच्या गावांत आम्ही नांदतोय.

काल ती एकटी निघाली. मी बांधावर उभी होते. पट्टीवर पाय टेकला, उजवीकडं बघितलं, डावीकडं, परत उजवीकडं. तरी दिसेना, म्हणून जरा पुढं सरकून पुन्हा थांबली. मग गेली.

गुऱ्हाळ लागलं की काकवी घेऊन येते. नको म्हणू नका.

तुमची,
पोरीची आई