मागचा डिफरन्शियल बदलणाऱ्यांसाठी सूचना

सभासदांनो, जुन्या गाडीसाठी दुसरा डिफरन्शियल (इंजिनची ताकद मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरसंच) घेताना विकणाऱ्याने सांगितलेल्या रेशोवर (त्यातल्या दोन गिअरच्या दातांच्या प्रमाणावर) जाऊ नका. दात मोजा आणि भागा: उदा. क्राउनचे (मोठ्या गिअरचे) 43, पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे) 11, म्हणजे साधारण 3.9. डिफरन्शियल गाडीत बसवलेला असेल, तर पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा, मागचं एकच चाक स्टँडवर उचला आणि ते बरोबर दोन फेरे फिरवा. प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे येणाऱ्या लांब दांड्याचे) जितके फेरे होतील, तोच रेशो. खडूने खूण करा, अंदाजपंचे नको.

क्राउन-पिनियन जोडीनेच घ्या. याचा क्राउन, त्याचा पिनियन केलंत की गाडी रडणारच, म्हणजे आवाज करणारच. ॲक्सल शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) स्प्लाइन्स, म्हणजे टोकावरच्या खाचा, जुळतात का, तेही पाहा. बेअरिंग कॅप (बेअरिंग जागेवर धरणाऱ्या पट्ट्या) डाव्या-उजव्या मिसळू नका. आणि रेशो बदलल्यावर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो, हे बहुतेकजण विसरतात.