पिकअप दिल्लीच्या, रस्ते आमचे

संपादक महोदय,

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात इसुझूने डी-मॅक्स पिकअपचे विजेवर चालणारे रूप मांडले. आनंद झाला. पण अशा गाड्यांची चर्चा नेहमी रुबाब आणि गाडीतल्या टचस्क्रीनभोवतीच फिरते. आम्हा गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या बागायतदारांना पिकअप हवी ती केळी, सुपारी आणि चतुर्थीला माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचे, सामान म्हापशाच्या बाजारात वेळेवर पोचवायला. २००५ साली टाटा एस ही छोटी मालवाहू गाडी आली, तेव्हा लहान शेतकऱ्याला परवडेल अशी चारचाकी प्रथमच दारात उभी राहिली. तेच आता विजेच्या गाडीने करावे.

त्यासाठी कंपन्यांनी एका चार्जमध्ये गाडी किती चालते हे पूर्ण माल भरून, भर पावसात चोर्ला घाट चढवून सांगावे. रिकाम्या गाडीचा आकडा आमच्या काय कामाचा? मासळीवाल्यांची अडचण वेगळीच: बर्फाचे खारट पाणी झिरपून हौदा गंजतो, त्यावर कोणी बोलतच नाही. आणि सरकारने चार्जिंगची सोय हॉटेलांच्या आवारापुरती न ठेवता म्हापसा बाजार, मडगावची घाऊक मासळी बाजारपेठ आणि कुटबणच्या मासेमारी जेटीवर आधी करावी. माल उतरेपर्यंत गाडी तिथे उभीच असते.

— एक बागायतदार, वाळपई