हूनाहून पत्र

प्रिय पक्या,

पत्राला उशीर झाला, शिव्या नंतर घाल. क्रूझ बोटीच्या गॅलीतून, म्हणजे स्वयंपाकघरातून, दोन तास सुटका मिळाली की आम्ही खलाशी वायफाय शोधत धावतो. या खेपेला फोन खिशातच ठेवला नि हूना गावात चालत गेलो.

हे अलास्कातल्या चिचागॉफ बेटावरचं ट्लिंगिट लोकांचं गाव. वस्ती नऊशेच्या आसपास, आणि आमच्या एका बोटीतून त्याच्या तिप्पट-चौपट माणसं उतरतात. तुला वाटेल, संपलं गाव! तारकर्लीचं रडगाणं तूच मला ऐकवतोस. पण इथे बोटी लागतात ते बंदर, दुकानं, डोंगरावरून सुटणारी मैलभराची झिपलाइन, हे सगळं हूना टोटेम कॉर्पोरेशनचं, आणि तिचे भागधारक हेच लोक. 1971 साली अमेरिकेने अलास्कातल्या मूळ रहिवाशांच्या जमीनहक्कांचा निवाडा केला, त्यातून गावोगाव अशा कंपन्या निघाल्या. यांनी 1912चा मासे डबाबंद करायचा जुना कारखाना दुरुस्त केला आणि 2004पासून बोटी बोलावल्या. तरंगता धक्का 2016ला आला. दुसरा मात्र एका क्रूझ कंपनीच्या भागीदारीत, तिथे मला जरा खुटखुटतं.

गावातल्या बंदरात एक म्हातारबा हॅलिबट कापत होते. मासा माझ्या कमरेला लागेल एवढा, चपटा. एक बाजू खडकासारखी काळपट, दुसरी पांढरीफेक, आणि दोन्ही डोळे काळ्या बाजूला. कण्यालगत सुरी फिरवून त्यांनी चार लांब तुकडे अलगद सोडवले. गालांचं मांस वेगळं काढलं. ते विकायचं नाही, घरचं!

बोलता बोलता परवान्यांचा विषय निघाला. 1973च्या कायद्याने मासेमारीच्या परवान्यांवर मर्यादा आली, पण परवाना विकता येतो. घरात अडचण आली की विकायचा, नि एकदा गावाबाहेर गेला की परत घ्यायला पैसा कुठला? त्यांचा पुतण्या आता पाहुण्यांना अस्वलं दाखवायला नेतो. पगार बरा आहे, पण बोटी हंगामापुरत्या. 2020 साली तर आल्याच नाहीत. "फ्रीजर भरलेला होता म्हणून निभावलं," म्हणाले.

आणि ऐक, यांचं मूळ घर पलीकडच्या ग्लेशियर बेमध्ये. अठराव्या शतकात पुढे सरकणाऱ्या हिमनदीने तिथून हाकललं, मग तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. आमचे पाहुणे भरमसाट पैसे मोजून तेच बघायला जातात. 2016मध्ये तिथे यांचं कुळघर पुन्हा उभं राहिलं, एवढं तरी झालं.

मला हे गाव आवडलं, पण सुखी वगैरे म्हणणार नाही. आमचा भोंगा वाजला की दुकानं उघडतात, बोट सुटली की बंद. तरी भाडं मागायचा हक्क यांचा आहे, आणि तो आपल्याकडे कुणाला मिळालाय?

तुमच्या जेटीची बैठक कधी आहे ते कळव. सातबारा कुणाच्या नावावर राहणार, हे तिथे सगळ्यात आधी विचार, आणि लेखी घे. काकूंना नमस्कार.

तुझा,
सद्या